आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून? खिशातले संगीतयंत्र आणि नागपूरच्या कॅसेटी

#थ्रेड

१/
दसरा जवळ आला की नागपूरचे रस्ते दीक्षाभूमीकडे वळतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, ती ही भूमी. येथे दरवर्षी होणाऱ्या पुस्तकविक्रीचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण पुस्तकांच्या दुकानांना लागूनच आणखी एक बाजार भरतो. त्याची नोंद इतिहासलेखनात फारशी होत नाही. तो बाजार गाण्यांचा.

२/
एके काळी या बाजारात कॅसेटींच्या राशी असत. पुढे त्यांची जागा सीडींनी घेतली, मग शेकडो गाणी एकाच चकतीत भरणाऱ्या एमपी३ सीडी आल्या, त्यानंतर पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डे. आज तीच गाणी फोनवर ऐकली जातात. तरुण श्रोता एखादे जुने भीमगीत लावतो. ढोलकी डब्यात वाजल्यासारखी वाटते, शाहिराचा आवाज उशीखालून आल्यासारखा, आणि निम्मे शब्द कळतच नाहीत. त्याला वाटते, आपला इअरफोन हलका आहे. तो बर्डीवर जाऊन दुप्पट किमतीचा इअरफोन आणतो.

३/
नव्या इअरफोनमध्ये गाणे आणखी वाईट ऐकू येते. खरखर अधिक ठळक होते, हरवलेला शब्द हरवलेलाच राहतो. मराठीत यासाठी जुनी म्हण आहे: आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? पोहरा चांदीचा घेतला म्हणून विहिरीला पाणी लागत नाही. खिशातल्या संगीतयंत्राचा आवाज सुधारायचा असेल तर आधी मूळ प्रत सुधारली पाहिजे, हे या थ्रेडचे प्रतिपादन आहे. आणि मूळ प्रत सांभाळणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचेच काम आहे.

४/
सुरुवात ग्रामोफोनपासून. १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले आणि भारतीय संगीत तबकडीवर आले. पुढे हातात उचलून नेण्याजोग्या पेट्या निघाल्या. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चे ‘१०२’ हे १९३१ चे मॉडेल त्यांतले प्रसिद्ध. या पेट्यांसाठी पोलादी सुई लागे आणि ती तबकडीच्या एकाच बाजूसाठी वापरावी, असा दंडक होता. काटकसरी घरांत तीच सुई आठ-आठ दिवस चाले. झिजलेली सुई तबकडीची खाच कोरून काढी. नंतर कितीही उत्तम सुई लावली तरी गेलेला स्वर परत येत नसे.

५/
त्यानंतर ट्रान्झिस्टर आला. नागपूरला आकाशवाणीचे केंद्र १९४८ मध्येच सुरू झाले होते. पुढे १९८८ मध्ये याच शहरातील १,००० किलोवॅट क्षमतेच्या मध्यम लहरी प्रक्षेपकावरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याने येथून रात्रीच्या वेळी भारताचा फार मोठा भाग कवेत येई. एवढ्या प्रचंड शक्तीचे हे केंद्र. तरीही त्यावरचे गाणे खिशातल्या ट्रान्झिस्टरवर झाकोळलेलेच ऐकू येई.

६/
कारण साधे होते. मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये अवघ्या ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवलेले असते. त्यामुळे सुमारे साडेचार किलोहर्ट्झच्या वरचा नाद घरच्या संचापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. सतारीच्या तारेची चमक, झांजेची धार, ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक हे सारे त्याच पट्ट्यात असते. आवाज मोठा असणे आणि स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून बोलका पुरावा नागपूरकरांना दुसरीकडे शोधावा लागणार नाही.

७/
तरीही श्रोत्याच्या हाती एक उपाय होता आणि तो फुकट होता. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची कांडी असते, तोच त्याचा अँटेना. ही कांडी प्रक्षेपकाच्या दिशेला आडवी असली तर ग्रहण उत्तम होते, टोक त्याच्याकडे झाले तर आवाज बसतो. वडीलधारी मंडळी संच हातात घेऊन अंगणात फिरवत, कानाशी धरून थांबत आणि मग तो अचूक कोनात खिडकीत ठेवत. त्यांना फेराइट माहीत नव्हते. मात्र दोष यंत्राचा किती आणि दिशेचा किती, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

८/
कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणली. ती मुख्यतः बोलणे टिपण्यासाठी होती, संगीतासाठी नव्हे. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि तिच्यावर स्टिरिओचे चार मार्ग. वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. स्टुडिओतल्या मोठ्या यंत्रांवर फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावे, म्हणजे आठपट. एवढ्या अरुंद आणि संथ फितीवर गाणे उमटवायचे तर प्रत्येक किरकोळ चूक मोठी होते. डॉल्बी बी आणि क्रोमियम डायऑक्साइडची फीत हे उपाय त्यासाठीच निघाले.

९/
१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा ‘टीपीएस-एल२’ विक्रीस आला. हाच पहिला वॉकमन. त्यात मुद्रणाची सोय नव्हती, कर्णाही नव्हता. होते ते फक्त वाजवण्याचे यंत्र आणि हलके हेडफोन. दोघांना एकत्र ऐकता यावे म्हणून त्याला हेडफोनची दोन छिद्रे दिली होती. संगीत खिशात आले ते येथून. पण यंत्र लहान करताना आतले जड चाकही लहान झाले. फीत एका संथ गतीने ओढण्याचे काम त्या चाकाचे असते. ते हलके असल्याने चालता-चालता स्वर हेलकावे खाई. वॉकमन ऐकण्यासाठी छान होता. मूळ प्रतीवरून नवी प्रत काढण्यासाठी तो कधीच योग्य नव्हता, आजही नाही.

१०/
भारतात कॅसेटने जे केले ते केवळ तांत्रिक नव्हते. तबकडीचा कारखाना म्हणजे मोठे भांडवल, आणि तबकड्यांच्या बाजारावर दीर्घकाळ एकाच कंपनीची पकड होती. कॅसेटच्या प्रती काढायला एक खोली, दोन-चार यंत्रे आणि पुठ्ठ्यावर छापलेले वेष्टन पुरे. १९८० च्या दशकात छोट्या कंपन्या गावोगाव उगवल्या. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हा ग्रंथ उत्तर भारताबद्दल लिहिला. त्यात वर्णिलेली प्रक्रिया महाराष्ट्रातही घडली. ज्यांच्या गाण्याला तबकडीवर जागा मिळाली नव्हती, त्यांना कॅसेटवर मिळाली.

११/
वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावे घराघरांत ऐकू येऊ लागली. त्यांच्यामागे विदर्भातले असंख्य स्थानिक गायक, कव्वाल आणि भजनी मंडळे होती. झाडीपट्टीतली दंडार होती, खडी गंमत होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची परंपरा चालवणारे गावोगावचे गायक होते. या मंडळींचे आवाज ग्रंथालयात नाहीत. ते ध्वनिमुद्रित झाले ते बहुधा फितीवर, थोड्या प्रतींत, आणि त्या प्रती घरातल्या पत्र्याच्या पेटीत किंवा लोखंडी कपाटावर राहिल्या.

१२/
ज्या स्वस्ताईने हे गाणे जन्माला घातले, तिनेच त्याचे नुकसानही केले. मूळ फितीवरून प्रत, त्या प्रतीवरून दुसरी, तिच्यावरून तिसरी. समान दर्जाच्या यंत्रांवर काढलेल्या पहिल्या प्रतीतच खरखर सुमारे तीन डेसिबलने वाढते आणि पुढच्या प्रत्येक पिढीत तिची भर पडत जाते. वेळ वाचवण्यासाठी प्रती दुप्पट-चौपट वेगाने काढल्या जात, त्यात वरचे स्वर गळत. फीतही स्वस्तातली. म्हणून एकाच कार्यक्रमाच्या दोन कॅसेटी दोन घरांत सापडल्या, तर त्या सारख्या मानू नयेत. हस्तलिखितांच्या अभ्यासात ज्याप्रमाणे आधीची पोथी आणि नंतरची नक्कल यांची तुलना होते, तशीच ती येथेही व्हायला हवी.

१३/
मग एमपी३ आले. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत घडलेल्या या तंत्राला १९९५ मध्ये हे नाव मिळाले. सीडीवर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते. १२८ किलोबिटच्या एमपी३ मध्ये तिचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. कानाला जे ऐकू येणार नाही तेवढेच गाळायचे, हे त्यामागचे तत्त्व. ते ठरवण्यासाठी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा यांचे ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांविना गायलेले गाणे वारंवार ऐकले. कारण एकट्या मानवी आवाजावर हे गणित सर्वांत आधी उघडे पडत होते.

१४/
दुसरी अडचण तोडून वाजणाऱ्या वाद्यांची. कॅस्टानेट्स या स्पॅनिश चिपळ्यांवर अभियंत्यांना एक विचित्र दोष आढळला: टोला पडण्याच्या क्षणभर आधीच त्याची पुसट सळसळ ऐकू येई. कॅस्टानेट्सच्या जागी हलगी, ढोलकी, खंजिरी, टाळ ठेवून पाहावे. एकटा उंच आवाज आणि तोडून वाजणारे वाद्य, हीच तर शाहिरी गाण्याची घडण. म्हणजे कमी बिटदराच्या एमपी३ मध्ये सर्वांत जास्त नुकसान होते ते नेमके याच संगीताचे. एका सीडीत शेकडो गाणी बसवण्याच्या हव्यासाने दीक्षाभूमीच्या बाजारातल्या गाण्यांचे काय झाले असेल, याची कल्पना यावरून यावी.

१५/
यावर एक आक्षेप ठरलेला आहे. भीमगीतात महत्त्व शब्दांना, विचाराला. नादाच्या शुद्धतेचे चोचले मैफलींनी पुरवावेत. हा आक्षेप ऐकायला भारदस्त आहे, पण ध्वनिशास्त्रात टिकत नाही. भाषेतले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, खालच्या पट्ट्यात असतात. व्यंजने ओळखू येतात ती वरच्या पट्ट्यामुळे: स, श, च, छ, ट, ठ. फीत झिजली, हेड मळले, बिटदर घसरला की आधी वरचा पट्टा जातो. चाल कानावर पडत राहते आणि शब्द पुसले जातात. म्हणून ज्याला शब्दांची चाड आहे, त्यानेच नादाची सर्वाधिक काळजी घेतली पाहिजे.

१६/
आणि गाण्यात फक्त गाणे नसते. कार्यक्रमात मुद्रित झालेल्या फितीवर शाहीर दोन गाण्यांच्या मध्ये बोलतो: कोणत्या वस्तीत कार्यक्रम आहे, कोणी बोलावले, कालच्या घटनेवर त्याचे म्हणणे काय. श्रोते मधूनच घोषणा देतात, कोणी फर्माईश करते, मागे लहान मूल रडते. कागदावर छापलेल्या गीतसंग्रहात यातले काहीच येत नाही. सामाजिक इतिहासाला हवे असते ते नेमके हेच. हे सारे आवाज मंद असतात, आणि खराब प्रतीत खरखरीखाली आधी बुडतात ते मंद आवाजच.

१७/
दुसरा आक्षेप रसिकांचा: जुन्या फितीची खरखर हीच तिची गोडी, ती का घालवावी? येथे भेद करायला हवा. मूळ मुद्रणातच असलेली खरखर त्या काळाची साक्ष आहे आणि ती जशीच्या तशी राहिली पाहिजे. पण आज वाजवताना हेडवर मळ असेल, हेड किंचित तिरके बसले असेल, तर येणारा बसका आवाज हा आजच्या यंत्राचा दोष आहे. त्याला जुन्या काळाची गोडी समजणे म्हणजे चष्म्यावरच्या धुळीला धुके समजणे.

१८/
आता प्रत्यक्ष कामाकडे. घरात जुनी कॅसेट सापडली तर ती लगेच वाजवू नये. आधी वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे कान मोडावेत, म्हणजे चुकून तिच्यावर मुद्रण होणार नाही. आत पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालूच नये, ती जाणकाराकडे न्यावी. फितीमागची नमद्याची छोटी गादी निखळलेली असेल तर फीत स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या कवचात हलवावी. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपुरात लोखंडी कपाटाचा माथा ही कॅसेटीसाठी घरातली सर्वांत वाईट जागा. अनेक वर्षे न हललेली फीत आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा गुंडाळून मोकळी करावी.

१९/
यंत्र टेबलावरचे, जड चाकाचे डेक असावे. ओळखीच्या घरी माळ्यावर ते अजून सापडते. हेड आणि फीत ओढणारा धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावा, रबरी चाकाला साबणाचे किंचित पाणी पुरे. मग सर्वांत दुर्लक्षित पायरी: हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. फीत ज्या यंत्रावर मुद्रित झाली त्याच्या हेडशी हा कोन जुळला नाही तर वरचे स्वर नाहीसे होतात. गाणे चालू ठेवून स्क्रू केसभर फिरवावा आणि ‘स’, ‘श’ सर्वांत स्पष्ट येतील तेथे थांबावे. अंगणात ट्रान्झिस्टर फिरवणाऱ्या माणसाचीच ही विद्या आहे.

२०/
वेग बरोबर आहे का, हे तपासण्यासाठी फितीतच खुणा असतात. पेटीचे सूर ठरलेले असतात. कार्यक्रमाच्या मुद्रणात विजेची गुणगुणही उतरलेली असते, आणि आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ. त्या काळी ती थोडी ढळत असे, म्हणून हा ताळा अंदाजापुरताच घ्यावा; पण शाहिराचा आवाज अर्ध्या पट्टीने चढला आहे का, हे त्यावरून कळते. डॉल्बीचे बटण कॅसेटवर तशी खूण असेल तरच लावावे, शंका असल्यास बंद.

२१/
संगणकात आवाज घेताना डेकच्या ‘लाइन आउट’मधून घ्यावा; माइकच्या छिद्रात तार खुपसू नये. पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा टोलाही मर्यादेच्या बराच खाली राहील, कारण डिजिटल मुद्रणात एकदा फाटलेला आवाज शिवता येत नाही. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयएएसएने, किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ही पातळी सुचवली आहे. या हिशेबाने साठ मिनिटांच्या कॅसेटीला जेमतेम एक गीगाबाइट जागा लागते. फोनमधल्या काही मिनिटांच्या उच्च दर्जाच्या व्हिडिओइतकीच ही जागा आहे. तेव्हा जागेचे निमित्त आता सांगता येणार नाही.

२२/
ही पहिली प्रत आहे तशी ठेवावी. खरखर काढणारी, आवाज ‘उजळवणारी’ साधने आता फोनवरही मिळतात. ती वापरायची तर दुसऱ्या प्रतीवर वापरावीत. ही साधने अंदाज बांधतात. टाळ आणि सळसळ यांतला फरक त्यांना नेहमीच कळतो असे नाही, आणि श्रोत्यांच्या घोषणा तर ती कचरा समजून झाडून टाकतात. शिलालेख वाचण्यासाठी कोणी दगड घासून गुळगुळीत करत नाही. ठसा घेतला जातो आणि दगड तसाच राहतो.

२३/
विहीर स्वच्छ राखली तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या जमवण्याचे काम उभे केले. एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतल्या अनेक काळजीपूर्वक ध्वनिमुद्रितही झाल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यांत आहेत. आज ‘पारी’च्या माध्यमातून त्या कोणत्याही साध्या फोनवर ऐकता येतात आणि शब्द न् शब्द कळतो. त्यासाठी महाग इअरफोन लागत नाही. मूळ मुद्रण करणाऱ्यांनी घेतलेली काळजी तीस वर्षांनी कामी येते.

२४/
पोहऱ्याबद्दलही थोडे, कारण गळका पोहरा चांगल्या विहिरीचेही पाणी सांडतो. ऐकण्यासाठी एफएलएएसी किंवा निदान ३२० किलोबिटची प्रत वापरावी. ब्लूटूथवर आवाज पुन्हा एकदा आवळला जातो. बारकाईने ऐकायचे तेव्हा तारेचा इअरफोन बरा. कानात नीट बसणारी रबरी टोपी हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक बदल: बाहेरचा गोंगाट अडला की आवाज वाढवावा लागत नाही. इक्वलायझरवर एखादा पट्टा चढवण्याऐवजी नको असलेला पट्टा उतरवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो. शेवटचे यंत्र कान हेच आहे आणि त्याचे सुटे भाग मिळत नाहीत.

२५/
घाई का? युनेस्कोने आयएएसएच्या साथीने २०१९ मध्ये ‘मॅग्नेटिक टेप अलर्ट’ हा प्रकल्प हाती घेतला. २०२५ च्या सुमारास फिती वाजवणारी सुस्थितीतली यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग दुर्मिळ होतील, असा त्याचा इशारा होता. ती वेळ आता आली आहे. डेकचे रबरी पट्टे विरघळून चिकट होत आहेत, ते बसवणारे कारागीर दुकाने बंद करत आहेत. फीत आणखी वीस वर्षे टिकेलही; ती वाजवणारे यंत्र टिकेलच, असे नाही.

२६/
माणसेही थांबत नाहीत. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ मध्ये गेले. विठ्ठल उमप यांचे तर नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरातच, कार्यक्रमासाठी आले असताना, निधन झाले. प्रसिद्ध शाहिरांचे आवाज कुठे ना कुठे उरतील. वस्तीतल्या भजनी मंडळाची एकुलती एक कॅसेट मात्र एकाच घरात असते. तिच्यावर बॉलपेनने लिहिलेली अक्षरे पुसट झालेली असतात, आणि कोरसमध्ये कोण गात आहे हे सांगणारी व्यक्ती घरात एकच उरलेली असते: आजी.

२७/
म्हणून क्रम असा असावा. नवा इअरफोन पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल. त्याआधी पेटी उघडावी, कॅसेटीचे कान मोडावेत, डेक मिळवावा, हेड पुसावे, एक स्वच्छ प्रत काढावी. मग ती प्रत आजीसमोर लावावी आणि ती ज्यांची नावे सांगेल ती त्याच फाइलसोबत लिहून ठेवावीत: गायक, ढोलकीवाला, वस्ती, साल. येत्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्याच्या खिशात ते गाणे असेल. त्याचा प्रत्येक शब्द ऐकू येईल आणि तो कोणाचा, हेही ठाऊक असेल.